पहिल्या पायरीवरच्या गोष्टी

आमच्या फाटकाशी सातवीण फुलली की सोसायटीत दोन पक्ष पडतात. एका पक्षाचं डोकं चढतं आणि दुसरा पक्ष संध्याकाळी मुद्दाम झाडाखालून फेऱ्या मारतो. मुलुंड पूर्वेला आमच्या रस्त्यावर अशी ओळीने झाडं आहेत, त्यामुळे ऑक्टोबर संपत आला की दिवे लागायच्या सुमारास सगळा रस्ताच त्या जड, गोड वासाने भरून जातो. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणाचा तरी निरोप येतो की फांद्या छाटून घ्याव्यात, मळमळतं. त्याच्याखाली लगेच कुणीतरी फुलांचा फोटो टाकतं. मी यातल्या कुठल्याच पक्षात नाही. तो वास मला आवडतो की नाही, हे आता सांगताच येणार नाही, कारण तो आला की माझ्या कानांत जपानी सुरू होतं.

हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात, चौपन्नाव्या वर्षी, भेंड्या चिरता चिरता आणि तांदूळ निवडता निवडता मी जपानी ऐकायला लागले आणि मला ते कळायला लागलं. यात माझं कर्तृत्व म्हणाल तर फारसं नाही. शिकत होती माझी मुलगी. मी फक्त त्याच घरात होते.

तन्वी नर्स आहे. तेव्हा ती मुलुंडच्याच एका इस्पितळात कामाला होती, आणि बरोबरची एक मुलगी जपानला गेल्यापासून हिच्या डोक्यात तेच बसलं होतं. तिकडे म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला माणसं हवी असतात, भाषेची एक ठरावीक परीक्षा पास झालं की जाता येतं. रविवारी घाटकोपरला क्लास, बाकी दिवस घरी अभ्यास. फ्रिजवर, आरशावर, पोह्यांच्या डब्यावर जपानी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटल्या होत्या. अक्षरं तिला झटपट आली. जुलैच्या परीक्षेत वाचनात ती चांगली होती. दांडी उडाली ती ऐकण्याच्या पेपरात. तिथे ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. पुन्हा म्हणा असं सांगायची सोय नाही. आणि एकदाच मिळणार म्हटलं की आमच्या तन्वीचे कान बंद होतात. लहानपणीही तिला एखादी गोष्ट घाईघाईत सांगितली की ती नुसती बघत राहायची.

क्लासच्या बाईंनी मग तिला एक अ‍ॅप सांगितलं. त्यात गोष्टीच गोष्टी. पाच पायऱ्या, पहिली सगळ्यांत सोपी. पडद्यावर ओळी दिसतात आणि एक बाई त्या वाचून दाखवते. वेग कमी करता येतो, वाक्य पुन्हा ऐकता येतं. त्या बाईचा आवाज बालवाडीच्या शिक्षिकेसारखा, न रागावणारा. दोन-चार दिवसांत आम्ही तिला मावशी म्हणायला लागलो. तन्वी ड्युटीवरून आली की हातपाय धुऊन विचारायची, "मावशी झोपलीय की उठलीय?" आणि फोन टेबलावर उभा करायची.

पहिले काही दिवस मला तो नुसता आवाज होता. नळाचा असतो, मिक्सरचा असतो, तसा. पण माझे कान जरा वेगळे घडलेले आहेत. साकीनाक्याला एका कारखान्यात मी बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. नुसत्या 'हॅलो'वरून मला कळायचं की हा माणूस माल परत करायला फोन करतोय की लग्नाचं आमंत्रण द्यायला. साहेबांच्या घरून फोन आला की पहिल्या श्वासात समजायचं, आज जोडून द्यायचा की "मीटिंगमध्ये आहेत" म्हणायचं. गुजराती, तमिळ, पंजाबी, कुठलीही माणसं बोलायची, आणि शब्द कळले नाहीत तरी बोलणं कळायचं. पुढे कारखान्यात आपोआप बोलणारं यंत्र आलं, एक दाबा, दोन दाबा, आणि मी घरी आले.

तर एका दुपारी मी मेथी निवडत बसले होते आणि तन्वी तीच गोष्ट तिसऱ्यांदा ऐकत होती. मी सहज म्हटलं, "मांजर परत आलं वाटतं."

तिने फोन थांबवला. "तुला काय माहीत मांजर आहे?"

"तू आवाज काढलास ना मघाशी, त्या मावशीबरोबर. आणि दर वेळी ते कुठेतरी जाऊन बसतं. गरम गरम आहे काहीतरी तिकडे."

"आई, ते न्हाणीघर आहे! गावातलं सार्वजनिक न्हाणीघर. मांजर रोज तिथे जाऊन बसतं. तुला कसं कळलं यार?"

मला कसं कळलं ते मलाही सांगता येईना. पण मी हळूहळू लक्ष ठेवायला लागले. मावशी 'देमो' म्हणाली की काहीतरी बिघडणार. 'सोशिते' म्हणाली की गोष्ट पुढे सरकली. 'सोरेकारा' आलं की थोडा वेळ गेला, ऋतूबितू बदलला. हे सांधे हाती लागल्यावर मधले शब्द एकेक करून ओळख द्यायला लागले, नवीन बिल्डिंगमध्ये राहायला गेल्यावर शेजारी देतात तशी, आज हा, उद्या तो. अक्षरं मला आजही फारशी येत नाहीत. पोह्यांच्या डब्यावरची चिठ्ठी मी वर्षभर उलटी चिकटवलेली होती, असं तन्वी म्हणते.

मग आमची एक पद्धतच पडून गेली. चारच्या चहानंतर आम्ही टेबलाशी बसायचो. मावशी गोष्ट वाचायची. पडदा पालथा. मग मी ती तन्वीला मराठीत सांगायची, मला समजली तेवढी, आणि ती चुका काढायची. चुका पुष्कळ असायच्या. एकदा मी सगळी गोष्ट एका आजारी मुलीची म्हणून सांगितली, मध्ये डोळेही पुसले, आणि ती निघाली एका सुकलेल्या कुंडीची. दिलीप, माझा नवरा, नुकताच निवृत्त झालेला, आतून पेपर वाचत सगळं ऐकत असायचा. त्याला त्या गोष्टी बिलकूल पसंत नव्हत्या.

"पुढे काय झालं?" तो आतून विचारायचा.

"काही नाही. तो घरी गेला."

"मग यात गोष्ट काय?"

"तो घरी गेला हीच गोष्ट."

"झकास," तो म्हणायचा, आणि पान उलटायचा.

खरंच त्या गोष्टींत फार काही घडायचं नाही. एक बाई टोफू विकायला निघते, पाऊस येतो, ती एका दुकानाच्या वळचणीला थांबते, तिथे आणखी एकजण थांबलेला असतो, पाऊस जातो, दोघं आपापल्या वाटेने जातात. मला हे आवडायला लागलं. आपल्याकडे कुणी नुसतं थांबलं तरी पुढे त्याचं लग्न तरी होतं नाहीतर खून तरी.

गोष्ट ऐकताना मी हुंकार द्यायची. ती जुनी सवय. माझी आई देवगडकडची. तिच्या गोष्टीला हुंकार दिला नाही तर ती तिथेच थांबायची. "हुंकार दी गो, नायतर गोष्ट थांबतली," म्हणायची, आणि राजपुत्र विहिरीत पडलेला तसाच राहायचा. त्यामुळे मावशीलाही मी दर वाक्याला "हं" म्हणायची. तन्वी आधी हसली. "आई, तिला ऐकू येत नाही." पण आठवड्याभरात तीही देऊ लागली. पुढे जपानहून तिची मुलाखत झाली, पडद्यावर तिकडचे तिघं, इकडे ही एकटी. मी दाराआड उभी. ही दर वाक्याला "हं, हं" करत होती, आणि मला वाटलं, आता झाली पंचाईत, लोक म्हणतील काय अडाणी मुलगी आहे. नंतर कळलं की तिकडे असं हुं हुं न करता ऐकलं तर समोरच्याला वाटतं, हा झोपला. शेवटी त्यांच्यातल्या वयस्कर बाईंनी खास सांगितलं की मुलगी छान ऐकते. माझ्या आईचं हे कौतुक जपानात व्हायचं होतं.

त्या ऑक्टोबराचं ऊन अजून माझ्या मानेवर आहे. पाऊस गेलेला, थंडीचा पत्ता नाही, दुपारी पंख्याखाली बसलं तरी पाठ ओली. डोंगराकडचं आकाश धुतल्यासारखं निळं, आणि खाली सिमेंटचा रस्ता तव्यासारखा. त्यातच दिवाळी आलेली. चकलीची भाजणी मंद आचेवर भाजायची म्हणजे तासभर कढईशी उभं राहायचं, डाळी वेगळ्या, तांदूळ वेगळे, धणे-जिरे सगळ्यात शेवटी. हात चालू, कान मोकळे. मी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून मावशीला लावून द्यायची. एक बस बर्फात अडकते आणि आतले प्रवासी आपापले डबे उघडून एकमेकांना देतात, अशी एक गोष्ट होती. ती मी भाजणी भाजताना इतक्यांदा ऐकली की बर्फाला जपानीत 'युकी' म्हणतात हा शब्द माझ्या डोक्यात कायमचा भाजलेल्या उडीद डाळीच्या वासाचा झाला आहे. बर्फ मी कधी पाहिलेला नाही. पाहिला तर त्याला वास नाही म्हणून मी बहुधा खट्टू होईन.

संध्याकाळी कपडे काढायला गॅलरीत गेलं की सातविणीचा वास वर यायचा. तन्वी कठड्याला टेकून, कानात इअरफोन, ओठ हलवत उभी असायची. खालून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, पोरीचं कुणाशी तरी जुळलंय. तिचं तसं जुळलेलंच होतं, फक्त माणसाऐवजी एका देशाशी. मी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहायची. केसांचा बुचडा, इस्पितळातून आल्यावर सैल केलेला. तीच मान, जिला मी पावडर लावून शाळेत पाठवत होते.

दिवाळीच्या आधी चार दिवस तिकडून फोन आला. मुलाखत पसंत पडली होती. समुद्राकाठच्या एका छोट्या गावात वृद्धाश्रम, तिथे तिची जागा ठरल्यात जमा होती, फक्त डिसेंबरची परीक्षा पास व्हायला हवी. तन्वी स्वयंपाकघरात येऊन अक्षरशः नाचली. बेसनाच्या हातांनी मला मिठी मारता येईना म्हणून तिनेच मारली. दिलीपने पेपर बाजूला ठेवला आणि तिच्या पाठीवर थाप मारली. मी म्हटलं, "वा! झकास!" आणि गॅसकडे वळले, कारण लाडूचं बेसन खाली लागत होतं. खरं म्हणजे लागत नव्हतं.

तोपर्यंत ते सगळं माझ्यासाठी खेळ होतं. मुलगी घरी आहे, चार वाजता चहा आहे, मावशी आहे, मांजर आहे. ती शिकतेय म्हणजे ती जाणार, हे मला माहीत होतं, पण आपण मरणार हे जसं माहीत असतं तसं. टेलिफोनच्या बोर्डावर काम करताना मी हजारो माणसं एकमेकांना जोडून दिली. जोडून दिलं की आपण लाईनवरून बाजूला व्हायचं, तो नियमच होता, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ती माणसं माझी नव्हती.

आता जे सांगते ते सांगायला मला वर्ष लागलं. दिलीपलाही मी ते सांगितलेलं नाही.

तन्वी तेव्हा तिसऱ्या पायरीवर पोचली होती. परीक्षेला साधारण त्याच तोडीचं लागणार होतं. पण दिवाळीनंतर तिच्या ड्युट्या वाढल्या, ती दमून यायची, खुर्चीत बसून पाय वर घ्यायची आणि म्हणायची, "आई, तूच लाव काहीतरी." गोष्टी निवडायचं काम असं माझ्याकडे आलं. आणि मी तिला पहिल्या पायरीवरच्या गोष्टी लावायला लागले. पहिल्या पायरीच्या गोष्टींवर हिरवा ठिपका असतो. मी हिरवा ठिपका बघून बोट ठेवायची. मांजर, टोफू, कुंडी, बर्फातली बस. वेगही हळूच कमी करायची. तिला सगळं कळायचं. ती खूश व्हायची, मी शाबासकी द्यायची, आणि चहा संपायचा. परीक्षा जवळ येत होती आणि मी माझ्या मुलीला दररोज जिथल्या तिथे ठेवत होते.

मी स्वतःला सांगायची की पोरीला आत्मविश्वास हवा, सोपं आलं की अवघड आपोआप येतं. आया असं पुष्कळ सांगू शकतात स्वतःला. पण ठिपका बघताना माझं बोट क्षणभर थांबायचं, ते का थांबतं हे मला चांगलं ठाऊक होतं. ती जुलैसारखीच पुन्हा ऐकण्याच्या पेपरात घसरावी, असं मला वाटत होतं. पुढच्या जुलैत बघू म्हणावं. तोपर्यंत तिचं मन बदलेल. तोपर्यंत काहीही होईल. एकुलत्या एका मुलीचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं, फक्त तिने घरी राहावं असं वाटत होतं, आणि त्या दिवसांत मला या दोन्हीत फरक दिसत नव्हता.

नोव्हेंबराच्या मध्यावर एका रविवारी ती क्लासहून आली ती तशीच स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसली. सराव-परीक्षा झाली होती. ऐकण्याच्या पेपरात ती जुलैपेक्षाही खाली गेली होती.

"वाट लागली, आई," ती म्हणाली. "घरी सगळं कळतं ना मला. रोज कळतं. मग तिथे काय होतं? डोक्यात काही शिरतच नाही. मी मठ्ठ आहे का गं?"

खरं सांगायचं तर पहिली भावना आनंदाची होती. अगदी लख्ख आनंद, पोटातून आलेला. एक घोट चहा प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो टिकला असेल. मग मी तिच्याकडे पाहिलं. ती ओट्याला पाठ टेकून बसली होती, पर्स अजून खांद्यालाच होती, आणि ती मला मनापासून विचारत होती की ती मठ्ठ आहे का. तिचा दोष काहीच नव्हता. तिला जे दिलं ते ती शिकली होती. मला माझी इतकी लाज वाटली की मी उगाच सिंकमधलं एक भांडं पुन्हा घासलं.

"मठ्ठ नाहीस," मी म्हटलं. "आपण चुकीच्या गोष्टी ऐकतोय. ऊठ, तोंड धू."

त्या संध्याकाळी मी तिसऱ्या पायरीवरची एक लांबलचक गोष्ट लावली. वेग पूर्ण. पडदा पालथा. आणि सांगितलं, एकदाच ऐकायची, परीक्षेसारखी. एका माणसाने शेजाऱ्याकडून शिडी आणलेली असते. ती परत करायची राहून जाते, आणि एक दिवस तो शिडी घेऊन जातो तर शेजारी घर सोडून गेलेला. मग तो ती शिडी घेऊन गावभर विचारत फिरतो. मध्ये त्याला बारा माणसं भेटतात, बारा तऱ्हांनी बोलतात. पहिल्या वेळी आम्हा दोघींना कळलं ते इतकंच की कुणीतरी काहीतरी लांब वस्तू घेऊन हिंडतंय. तन्वी रडकुंडीला आली. मीही आले. दिलीप आतून म्हणाला, "पुढे काय झालं?" आणि आम्ही दोघी एकदम ओरडलो, "गप बस रे!"

दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट, तीही एकदाच. मग शिडी पुन्हा. मी तिला बोर्डावरची एक युक्ती सांगितली. लाईन खराब असली, खरखर असली, की सगळं पकडायला जायचं नाही. कोण बोलतंय, काय हवंय आणि नाही म्हणतोय की हो म्हणतोय, एवढं धरायचं, बाकीचं जाऊ द्यायचं. निसटलेल्या शब्दाच्या मागे धावलं की पुढचे दहा हातचे जातात. हे तिला पटलं. इस्पितळातही पेशंट असंच तुटक बोलतात, ती म्हणाली, आणि तिथे आपण घाबरत नाही. तीन आठवडे आम्ही हेच केलं. पंचमी नाही, षष्ठी नाही, मी त्या दिवसांत कसलीच तिथी पाळली नाही. मुलीच्या लग्नाची तयारी करावी तशा निष्ठेने मी तिला जायला मदत करत होते, आणि मधूनच बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडत होते. दोन्ही खरं होतं.

परीक्षेचं केंद्र विलेपार्ल्याच्या एका कॉलेजात होतं. डिसेंबराचा पहिला रविवार, आमच्या मुंबईला जी काय थंडी मिळते ती त्या सकाळी मिळालेली. मुलं आत गेली आणि फाटकाबाहेर आम्ही पालक उरलो, स्वेटर हातावर टाकून. शेजारी कांदिवलीच्या एक बाई होत्या. त्यांचा मुलगा यंत्रांचं काहीतरी शिकला होता.

"तुमची पण जाणार का हो?" त्यांनी विचारलं.

"पास झाली तर."

"होईल हो. तुम्हाला काय वाटतं?"

वर्गांच्या खिडक्या बंद झाल्या, म्हणजे ऐकण्याचा पेपर सुरू झाला असं कुणीतरी म्हणालं. सगळे पालक उगाचच गप्प झाले, जणू आपण बोललो तर आत त्रास होईल. मी त्या बंद खिडक्यांकडे बघत म्हटलं, "होऊ दे." कितीतरी आठवड्यांनी मी ते खरोखर म्हणत होते. ती पास व्हावी असं मला त्या अर्ध्या तासात इतकं वाटलं की हाताची नखं तळव्यात रुतली.

ती पास झाली. निकाल जानेवारीत लागला. ऐकण्याच्या पेपरात तिला वाचनापेक्षा जास्त गुण होते. दिलीपने सोसायटीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात एन आणि पुढे मनाला येईल तो आकडा, असं परीक्षेचं नाव चुकीचं सांगून आला. मग कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, व्हिसा, लोकरीचे मोजे. ऑगस्टमध्ये ती गेली. विमानतळावर काय झालं ते सगळ्यांच्या घरी सारखंच होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

घर नंतर फार शांत झालं, हे मात्र सांगायला हवं. चिठ्ठ्या मी काढलेल्या नाहीत. चार वाजता दिलीप आणि मी चहा घेतो. पहिल्या महिन्यात मी मावशीला हातही लावला नाही. मग एका दुपारी भाजी निवडताना फार सुनं वाटलं म्हणून लावली, आणि आता रोज लावते. चौथ्या पायरीवर आहे मी. त्यातलं निम्मं कळत नाही, पण हुंकार चुकत नाही. दिलीप हल्ली "पुढे काय झालं" विचारत नाही. तो खुर्ची ओढून जवळ बसतो.

रविवारी दुपारी तन्वीचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे तेव्हा संध्याकाळ होत असते. गेल्या रविवारी ती आश्रमाच्या जेवणघरातून बोलत होती, मागे काचेची मोठी खिडकी, खिडकीपलीकडे राखाडी समुद्र. बोलता बोलता तिच्या बाजूला एक बाई येऊन बसल्या, मोरितासान, तिथल्या जुन्या कर्मचारी, साधारण माझ्याच वयाच्या. तन्वीने आमची ओळख करून दिली. मी वाकून नमस्कार केला, त्यांनीही केला, आणि मग त्या दोघी आपसांत जपानीत बोलायला लागल्या. मोरितासाननी विचारलं, तू इतकं छान ऐकायला कुठे शिकलीस? गोष्टी ऐकून, तन्वी म्हणाली. आईबरोबर.

मी नेहमीप्रमाणे हसऱ्या चेहऱ्याने पडद्याकडे बघत होते. न कळणाऱ्या बोलण्यात माणूस करतो तसा चेहरा.

तन्वी पुढे म्हणाली, "मी जाऊ नये म्हणून आई मला सगळ्या सोप्याच गोष्टी लावायची."

मोरितासान "एएए!" करून हसल्या. "तुला राग नाही आला?"

तन्वीने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या कपाच्या कानाशी चाळा करत ती म्हणाली, "नाही. मला ते कळत होतं. पण मलाही तेव्हा जायचं नव्हतं. मला त्या सोप्याच गोष्टी ऐकत बसायच्या होत्या."

एरवी ती मोरितासानशी इतकं भराभर बोलते की मला अर्धंही पकडता येत नाही. ही वाक्यं मात्र तिने सावकाश म्हटली होती, एकेक शब्द सुटा करून.

मग ती पुन्हा पडद्याकडे वळली. "काही नाही गं आई, आमचं ड्युटीचं चाललं होतं," ती मराठीत म्हणाली. "जेवलीस का?"

बाजूला दिलीप विचारत होता, काय म्हणतेय ती, काय म्हणतेय. मी त्याचा हात धरला.

"जेवले गं," मी म्हटलं. "तू?"